एकरी 20 गाड्या

आंबट जमिनीत चुना घातला की पीक सुधारतं, हे आज शेतकी विद्यालयात पहिल्याच वर्षाला शिकवतात. अमेरिकेत ही गोष्ट मोजून, नोंदून आणि छापून पटवून देणारा माणूस म्हणजे व्हर्जिनियाचा एडमंड रफिन (1794–1865). तिथल्या मृदाशास्त्राच्या इतिहासात त्याला ‘मृदारसायनशास्त्राचा जनक’ म्हणायची पद्धत आहे. गुलामगिरीवरून पेटलेल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या इतिहासात मात्र तो भेटतो तो थेट तोफेपाशी. 12 एप्रिल 1861 च्या पहाटे चार्ल्सटनच्या बंदरात फोर्ट सम्टर या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर दक्षिणेच्या बाजूने तोफ डागणारा, खांद्यापर्यंत पांढरे केस रुळणारा 67 वर्षांचा म्हातारा. शेतीची पुस्तकं तोफेचा विषय अर्ध्या ओळीत उरकतात, युद्धाची पुस्तकं शेतीचा.

ही वाटणी मला मान्य नाही. एक चांगला रफिन आणि एक वाईट रफिन असे दोन गृहस्थ नव्हतेच. त्याची शेतीसुधारणा ज्या मळ्यावर झाली, ज्या हातांनी झाली आणि पुढे ज्या कारणासाठी तो ती राज्याराज्यांत सांगत फिरला, ते सगळं गुलामगिरीशी जोडलेलं होतं. हे त्याच्या भाषणांत दिसतंच, पण त्याहून स्पष्ट दिसतं ते त्याच्या मार्लच्या, म्हणजे शिंपल्यांच्या चुनखडी मातीच्या, खड्ड्यात. म्हणून आधी तिकडे जाऊ.

वडील गेल्यावर 1813 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, जेम्स नदीकाठचा कॉगिन्स पॉइंटचा मळा रफिनच्या ताब्यात आला. हा पूर्व व्हर्जिनियाचा सखल पट्टा. इंग्रजांची वस्ती तिथे 1607 पासूनची. तंबाखू, त्यामागून मका आणि गहू, अशी दोन शतकं जमीन ओरबाडून झाली होती. शेत थकलं की टाकून द्यायचं, शेजारचं रान तोडायचं, ते थकलं की पुढचं. रान संपलं तेव्हा लोकच उठून पश्चिमेला निघाले. 1810 च्या जनगणनेपर्यंत व्हर्जिनिया हे अमेरिकेतलं सर्वांत जास्त लोकसंख्येचं राज्य होतं. 1820 ला न्यूयॉर्क पुढे गेलं. माणसं कमी म्हणजे काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, जागा कमी. मातीचा कस आणि दक्षिणेचं राजकीय वजन यांची सांगड रफिनच्या डोक्यात पक्की बसली ती इथून.

सुरुवातीला त्याने त्या काळचे नावाजलेले उपाय केले. व्हर्जिनियातले त्या वेळचे थोर शेतीसुधारक जॉन टेलर सांगत तसं खोल नांगरलं, शेतात गुरं सोडणं बंद केलं, शेणखत आणि पालापाचोळा घातला. फळ मिळालं नाही. खत घातलेल्या पट्ट्यात वर्षभर जरा हिरवं दिसायचं आणि पुन्हा होतं तसं. क्लोव्हर हे जमीन सुधारणारं शेंगवर्गीय चारापीक उगवायचं नाही. उतारावर खोल नांगरलेली माती पहिल्या मोठ्या पावसात वाहून जायची.

मग त्याच्या हाती इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीचा 1813 सालचा शेतीरसायनाचा ग्रंथ पडला. त्यात एका नापीक मातीचा दाखला होता. तिच्यात लोहाचं सल्फेट निघालं होतं आणि उतारा म्हणून चुना सांगितला होता. रफिनने आपल्या मातीत ते सल्फेट शोधलं. सापडलं नाही. इथे दुसरा कुणी पुस्तक मिटून मोकळा झाला असता. याने वेगळा विचार केला. लोहाचा क्षार नसला तरी आम्ल असेल, कुजणाऱ्या वनस्पतींतून आलेलं. पुरावा शेतात उभाच होता. ज्या जमिनीत पीक येत नाही तिथे आपल्या चुक्याच्या कुळातलं सोरेल नावाचं आंबट पाल्याचं तण माजायचं, टाकलेल्या शेतात पाइनची झाडं उठायची. ज्या थोड्या जमिनींत जुने शिंपले मिसळले होते तिथे यातलं काही नसायचं आणि पीक उत्तम यायचं. अनेक ठिकाणची माती तपासल्यावर कळलं की या पट्ट्यातल्या बहुतेक जमिनींत चुन्याचा कार्बोनेट औषधालाही नाही. शेतावर प्रयोगशाळा नाही, कॉलेजचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं, तरी निरीक्षणाची ही साखळी त्याने एकट्याने जोडली. हे त्याचं खरं श्रेय आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये.

उपायही पायाखाली होता. त्या भागात जमिनीखाली जुन्या समुद्रातल्या शिंपल्यांचे थर आहेत. कुठे अख्खे शिंपले, कुठे भुगा, सोबत चिकणमाती आणि वाळू. यालाच मार्ल म्हणतात. चुन्याचं प्रमाण एकसारखं नसतं. एका खड्ड्यात 20 टक्के, तर पलीकडच्यात 60. म्हणून नमुन्यावर आम्ल टाकून फसफस बघायची आणि निघणारा वायू मोजून टक्केवारी काढायची. डेव्हीने सांगितलेलं त्यासाठीचं उपकरण रफिनने वापरलं. फेब्रुवारी 1818 मध्ये त्याने खड्डे उघडले आणि नव्याने मोडलेल्या काही एकर हलक्या जमिनीत एकरी 125 ते 200 बुशेल मार्ल पसरून वर मका लावला. मार्ल न घातलेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा मका सुमारे 40 टक्के जास्त आला. त्याच वर्षी त्याने प्रिन्स जॉर्ज परगण्याच्या शेतकी मंडळापुढे निबंध वाचला. 1821 मध्ये तो एका शेतकी पत्रात छापून आला, 1832 मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि 1852 पर्यंत त्या पुस्तकाच्या 5 आवृत्त्या निघाल्या. दर आवृत्तीत नवे प्रयोग आणि जुन्या चुकांची दुरुस्ती.

आता ते 200 बुशेल नीट बघू, कारण पुस्तकात हा आकडा फार हलका वाटतो. एक बुशेल म्हणजे जवळजवळ सव्वा घनफूट. 200 बुशेल म्हणजे 250 घनफूट, सुमारे 7 घनमीटर. खड्ड्यातून ओला निघणारा मार्ल घनमीटरला 1.4 टनांच्या आसपास भरतो. म्हणजे एकरी 10 टन. एका जनावराची गाडी खेपेला अर्धा टन ओढते असं धरलं तर एकरी 20 खेपा. 20 गाड्यांचे 20 ढीग एकरात सारख्या अंतरावर टाकायचे तर दर 14 मीटरला एक ढीग येतो. मग प्रत्येक ढीग फावड्याने चारही बाजूंना फेकून पसरायचा. तोही सारखा, कारण ढिगाच्या बुडाशी जाड थर राहिला तर तिथलं पीक पिवळं पडतं आणि दोन ढिगांमधली जमीन कोरडीच राहते.

गाडी भरण्याआधीचं काम याहून जड. मार्लच्या वर कुठे हातभर, कुठे पुरुषभर माती. ती आधी काढायची आणि दूर टाकायची, नाहीतर पावसात ढासळून खड्ड्यातच येते. वरची माती मार्लच्या थरापेक्षा जाड असेल तर खड्डा परवडत नाही. थर बहुधा नदीओढ्याच्या पातळीजवळ असतो, त्यामुळे खोल गेलं की पाणी पाझरतं. पाण्याला वाट काढून दिली नाही तर चिखल उपसावा लागतो आणि गाडी रुतते. खड्ड्यातून वर यायला उताराचा रस्ता हवा. हे सगळं पिकाची घाई नसताना, म्हणजे हिवाळ्यात. व्हर्जिनियाच्या गारठ्यात, गुडघाभर ओल्या खड्ड्यात, कुदळ आणि फावडं घेऊन.

पर्याय नव्हता असं नाही. शिंपले भट्टीत भाजून कळीचा चुना केला तर 100 किलो कार्बोनेटचा 56 किलो चुना होतो आणि सोबतची माती-वाळूही ओढावी लागत नाही. पण भट्टीला सरपण लागतं, बांधकाम लागतं, रोख पैसा लागतो. मार्लला लागतात ती माणसं. ज्याच्याकडे वर्षभर पोसायची, हिवाळ्यातही कामाला लावता येणारी आणि नाही म्हणू न शकणारी माणसं आहेत, त्याला मार्ल स्वस्त पडतो. रफिन हिशेबाला पक्का होता. मार्लिंगचा खर्च त्याने बारकाईने मांडला आहे. माणूस, बाई, पोर, घोडा, गाडीची झीज, या सगळ्यांचा रोजचा दर काढून एकरी बेरीज. एकाच रकान्यात. शेतीच्या अर्थशास्त्रात हा हिशेब अनुकरणीय म्हणून दाखवला जातो, आणि तो ज्या रकान्यावर उभा आहे त्याबद्दल अवाक्षर निघत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

तंत्राच्या बाजूने अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही लागू आहे. मार्ल जास्त झाला तर नुकसान होतं. रफिनच्या स्वतःच्या शेतात, विशेषतः हलक्या आणि सेंद्रिय कस नसलेल्या जमिनीत, दोन-चार वर्षांनी मका आणि गहू पिवळे पडून वाळायला लागले. तिकडे याला मार्लने भाजणं म्हणत. त्याने ते लपवलं नाही. पुस्तकात लिहिलं, मात्रा कमी करायला सांगितली आणि जमिनीत पाला, क्लोव्हर, चवळीसारखं हिरवळीचं खत वाढवल्याशिवाय जास्त मार्ल घालू नका असं बजावलं. पीक का भाजतं हे त्याला नीट कळलं नव्हतं. आज कळतं. 40 टक्के चुन्याचा 10 टन ओला मार्ल म्हणजे पाणी वजा जाता एकरी सव्वातीन-साडेतीन टन कार्बोनेट. वाळूसर जमिनीला ही मात्रा फार. सामू (pH) सातच्या वर गेला की मँगेनीज आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. आपल्याकडे चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, तो याच जातीचा आजार. उसाला लोह मिळत नाही, रफिनच्या पिकाला मँगेनीज मिळालं नाही, एवढाच फरक.

म्हणून रफिनचं नाव ऐकून कुणी विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात चुना टाकायला धावू नये. तिथे तो आधीच भरपूर आहे. चुन्याचा प्रश्न आहे तो कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या तांबड्या, आंबट जमिनींचा. तिथेही भाताच्या खाचरात पाणी साचलं की सामू आपोआप वर सरकतो, त्यामुळे भाताला चुन्याची गरज कमी भासते. गरज असते ती भुईमूग, वाल, चवळी अशा शेंगवर्गाला. मात्रा ठरवताना नुसता सामू बघून चालत नाही. एक भाग माती, अडीच भाग पाणी घेऊन काढलेला सामू वाळूसर जमिनीत 5.2 आला आणि चिकण जमिनीतही 5.2 आला, तरी चिकण जमिनीला चुना कितीतरी जास्त लागतो, कारण तिच्या कणांवर आम्लाचा साठा मोठा असतो. तो साठा मोजायची वेगळी चाचणी असते आणि प्रयोगशाळेला ती मागून घ्यावी लागते. रफिनला आम्ल असतं एवढं कळलं. आम्लामुळे ॲल्युमिनियम विरघळतं आणि तेच मुळांची टोकं मारतं, ही गोष्ट फार पुढे कळली. त्याचं उत्तर बरोबर होतं, त्यामागची कारणमीमांसा अर्धीच बरोबर होती. विज्ञानात असं होतं, त्यात कमीपणा नाही.

एका ठिकाणी मात्र त्याची नजर फार तोकडी पडली. 1843 मध्ये साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर जेम्स हॅमंड यांच्या बोलावण्यावरून त्याने त्या राज्याची शेतकी पाहणी केली, नदीनाल्यांच्या काठाने फिरून मार्लचे थर तपासले. चार्ल्सटनजवळ त्याला कठीण गोटे दिसले. त्यांत चुन्याचा कार्बोनेट अगदी कमी निघाला, म्हणून त्याने ते बिनकामाचे ठरवले. ते फॉस्फेटचे गोटे होते. युद्धानंतर, 1867 पासून, त्याच गोट्यांवर चार्ल्सटनचा मोठा खतधंदा उभा राहिला.

हेच हॅमंड 1858 मध्ये सिनेटमध्ये ‘कापूस राजा आहे’ म्हणून गरजले. रफिनची ऊठबस या माणसांत होती, आणि ती योगायोगाने नव्हती. मार्लने जमीन सुधारेल, जमीन सुधारली की मळे तोट्यातून निघतील, मळे निघाले की मळेवाले पश्चिमेला जाणार नाहीत, ते राहिले की दक्षिणेची लोकसंख्या आणि काँग्रेसमधलं वजन राहील, आणि वजन राहिलं की गुलामगिरीला कुणी हात लावणार नाही, अशी ती साखळी होती. तरुणपणी त्याला फक्त आपला मळा वाचवायचा होता, हे खरं. पण 1850 च्या दशकात तो ही साखळी उघडपणे मांडू लागला. व्हर्जिनियाच्या शेतकी संस्थेच्या व्यासपीठावरून त्याने गुलामगिरीमुळेच मळेवाल्याला वाचायला, प्रयोग करायला आणि सुसंस्कृत राहायला सवड मिळते असा युक्तिवाद केला. पुढे गुलामगिरीच्या अर्थशास्त्रावर पुस्तिका लिहिली. म्हणजे गुलामगिरी आणि शेतीसुधारणा यांचा संबंध आपण मागाहून जोडत नाही आहोत, तो त्याने स्वतः जोडला आणि त्याचा अभिमान बाळगला.

या सवडीचा दुसरा अर्धा भाग त्याच्या भाषणात येत नाही. 1860 च्या जनगणनेत एकट्या व्हर्जिनियात 4,90,865 गुलाम होते. 1790 ते 1860 या काळात वरच्या दक्षिणी राज्यांतून सुमारे 10 लाख गुलाम खालच्या कापूस-राज्यांत नेले किंवा विकले गेले, आणि व्हर्जिनिया हे त्या व्यापाराचं मुख्य मूळ होतं. मळा डबघाईला आला की पहिल्यांदा माणसं विकली जायची. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या. त्यामुळे ‘मार्लने मळे वाचवले’ हे वाक्य वाचताना नेमकं काय वाचवलं आणि कुणासाठी, हे विचारावंच लागतं.

त्याच्या इतर सुधारणाही याच नजरेने बघण्यासारख्या आहेत. त्या काळी व्हर्जिनियाच्या कायद्याने कुंपण पिकाला घालावं लागे, गुरं मोकळी हिंडत. रफिनने हा कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षं लिहिलं. कुंपणासाठी जंगल कापलं जातं, मोकळ्या गुरांचं शेण वाया जातं, हिरवळीचं पीक उभं राहत नाही, हे त्याचे मुद्दे शेतीच्या दृष्टीने चोख होते. पण मोकळ्या चराईवर जगणारा तो भूमिहीन आणि अल्पभूधारक. त्याच्या दोन गाई नि चार डुकरं कुठे जाणार याचं उत्तर मोठ्या मळेवाल्याच्या हिशेबात नव्हतं. आपल्याकडे गायरानं बंद होताना जे घडतं ते यापासून फार लांब नाही.

1833 ते 1842 अशी 10 वर्षं त्याने शेतकऱ्यांसाठी मासिक चालवलं, आणि त्यात बँकांवर तुटून पडल्यामुळे वर्गणीदार गमावले. मग पामंकी नदीकाठी हजार एकरांच्या आसपासचा दुसरा मळा घेतला आणि त्याचं नावच मार्लबोर्न ठेवलं. तिथे पाणथळ जमिनीचा निचरा केला, मार्ल घातला, चवळी आणि क्लोव्हरची फेरपालट बसवली आणि थोड्याच वर्षांत चांगला नफा काढला. या मळ्यावर काही काळ गोरा देखरेख्या नव्हता. कारभार एका गुलाम मुकादमाच्या हाती होता. ज्यांना स्वतःहून काम सांभाळता येत नाही म्हणून गुलामगिरी हवी असं मळेवाल्यांचं तत्त्वज्ञान सांगत होतं, त्यांच्यातलाच एक जण व्हर्जिनियातलं सर्वांत शास्त्रशुद्ध म्हणवलं जाणारं शेत चालवत होता. रफिनला यात विसंगती दिसली नाही.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, थोडक्यात सांगतो. 1859 मध्ये गुलामांचं बंड उभारू पाहणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी दिलं तेव्हा हा तिथे लष्करी विद्यालयाच्या पोरांच्या रांगेत उभा राहिला. ब्राउनने गुलामांना देण्यासाठी आणलेले भाले मिळवून त्याने दक्षिणेच्या गव्हर्नरांना एकेक पाठवून दिला, ‘उत्तरेकडच्या बांधवांची भेट’ बघा म्हणून. लिंकनच्या राजवटीत राहायचं नाही म्हणून मार्च 1861 मध्ये व्हर्जिनिया सोडून तो साउथ कॅरोलायनाला गेला. सम्टरवरचा अगदी पहिला गोळा त्याचा होता का, यावर वाद आहे. इशाऱ्याचा गोळा फोर्ट जॉन्सनवरून सुटला होता, रफिनची तोफ कमिंग्ज पॉइंटची. पाच दिवसांनी व्हर्जिनियाही फुटून निघालं. जून 1865 मध्ये, दक्षिण हरल्यावर, उत्तरेच्या लोकांबद्दलचा द्वेष रोजनिशीत पुन्हा एकदा लिहून त्याने स्वतःवर गोळी झाडली.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो 1862 चा उन्हाळा. सेनापती मॅक्लेलनची उत्तरेची फौज जेम्स आणि पामंकीच्या काठाने आली. मार्लबोर्नवरचे आणि त्याच्या मुलाच्या बीचवूड मळ्यावरचे गुलाम मोठ्या संख्येने निघून फौजेच्या आश्रयाला गेले. आपली माणसं समाधानी आहेत असं रफिन आयुष्यभर सांगत आला होता, त्यामुळे रोजनिशीत धक्का उमटला आहे. खड्डे तिथेच होते, मार्ल तिथेच होता, 44 वर्षांचा अनुभव आणि पाचव्या आवृत्तीचं पुस्तक तिथेच होतं. भरणारे निघून गेले.

आता समोरचा मुद्दा. विज्ञान आणि वैज्ञानिक वेगळे ठेवा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आंबट मातीत कार्बोनेट घातला की सामू वाढतो, मग मळा गुलामांचा असो की सहकारी संस्थेचा. चुना घालणं थांबवा असं कुणीच म्हणत नाही. पण ‘जनक’ ही पदवी रासायनिक सूत्राला देत नाहीत, माणसाला देतात. आणि एखाद्याला शेतीसुधारक म्हणणं म्हणजे शेती हा एक व्यवहार म्हणून त्याने सुधारला असं म्हणणं. शेती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात राबणारा माणूस, त्याची मजुरी, जमिनीचा मालक, कर्ज, बाजार हे सगळं त्यात आलं. या व्याख्येने रफिन मातीचा अभ्यासक ठरतो, थोर अभ्यासक ठरतो. शेतीसुधारक ठरतो का, याबद्दल मला मोठी शंका आहे. त्याचा मार्ल व्हर्जिनियात नेमका किती पसरला यावरही इतिहासकारांचं एकमत नाही. काही जण म्हणतात त्याने प्रदेश सावरला. काही म्हणतात गुलामांवर चालणाऱ्या मळ्याची घडीच अशी होती की ही सुधारणा मूठभर मळ्यांपलीकडे गेली नाही. मला दुसरा पक्ष पटतो. छोट्या शेतकऱ्याकडे हिवाळाभर खड्ड्यात उतरवायला माणसं नव्हती, आणि राबणाऱ्याला पीक वाढून काही मिळणार नव्हतं.

दुसरा आक्षेप असा की तो त्याच्या काळाचं लेकरू होता. पण तोच काळ त्याच्या विरोधकांचाही होता. आणि थोड्याच वर्षांत, आपल्याकडे, शेतीबद्दल आणि गुलामगिरीबद्दल एकत्र विचार करणारा माणूस उभा होता. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा झाला. त्यात डोंगरावरून वाहून जाणारा गाळ शेतात अडवायची, पाणी मुरवायची ठोस सूचना आहे, म्हणजे प्रश्न रफिनचाच, मातीचा कस टिकवण्याचा. पण ते ताली-बंधारे बांधायचे कुणी? फुले म्हणतात, सरकारने आपल्या लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून बांधून घ्यावेत. शेतकरी आधीच राबून, सारा भरून मोडला आहे, त्याच्या डोक्यावर आणखी माती चढवायची नाही. मातीचं काम कुणाच्या पाठीवर द्यायचं हा प्रश्न त्यांच्या लेखी शेतीशास्त्राच्या आतला होता, बाहेरचा नव्हता.

मराठी मुलखाचा रफिनच्या युद्धाशी आणखी एक थेट धागा आहे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा जुगार माजला. 1865 ला युद्ध संपल्याबरोबर भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जं आणि त्यानंतर वाढवलेला सारा शेतकऱ्याच्या मानेवर राहिला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांच्या उठावात सावकारांच्या वह्या जळल्या त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. कापूस राजा आहे असं हॅमंड म्हणाले होते. राजा कोसळताना इथल्या कुणब्यालाही सोबत घेऊन गेला.

मार्लबोर्न 1964 पासून अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ते तसंच राहावं, खड्डे जपावेत, पुस्तक वाचावं. रफिनचं नाव पाठ्यपुस्तकातून काढा असं माझं म्हणणं नाही. उलट नाव काढलं तर खड्डाही विसरला जाईल. मागणी साधी आहे. शेतकी महाविद्यालयात आम्लधर्मी जमिनीच्या धड्यात ‘रफिन, व्हर्जिनिया, 1818’ येतं तिथे पुढची दोन वाक्यं यावीत. एक, हा प्रयोग गुलामांच्या श्रमावर झाला आणि प्रयोग करणाऱ्याने पुढे त्या गुलामगिरीसाठी शस्त्र उचललं. दोन, हलक्या जमिनीत मात्रा जास्त झाल्याने पीक भाजलं आणि ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. ‘जनक’ हा शब्द गाळावा. त्याच्या जागी ‘आंबट जमीन चुन्याने सुधारते हे अमेरिकेत पद्धतशीर प्रयोगांनी दाखवणारा मळेवाला’ असं लिहावं. लांब आहे, पण खरं आहे. आणि धड्याखाली गणित द्यायचंच असेल तर हे द्यावं. एकरी 200 बुशेल, गाडीला 10, हिवाळ्यात 30 एकर मार्लून काढायचे आहेत. खेपा किती झाल्या, आणि त्या भरणाऱ्यांना मजुरी किती मिळाली?